कादंबरी वाचायची की मोजायची?

दौत: काल एका शिक्षिकेने इथे पोस्ट लिहिली, की नववीच्या मुलांनी कादंबरीच्या प्रत्येक प्रकरणातून चिठ्ठ्या टाकून वीस-वीस वाक्यं निवडली, प्रत्येक वाक्यातले शब्द मोजले, मध्य (सरासरी) आणि मध्यक (चढत्या क्रमातला मधला आकडा) काढले, आलेख काढला आणि ‘मुलं पहिल्यांदाच कादंबरीत रमली’. मला हे पटलं नाही. मुलं बेरजेत रमली. आई गेल्यावर नायक रिकाम्या घरात उभा राहतो, त्या पानावर मूल थांबायला हवं. ते तिथे बोट ठेवून ‘अकरा, बारा, तेरा’ म्हणत असेल तर त्याच्या हाती काय लागलं? वीस वर्षं भाषा शिकवली मी. परीक्षा जवळ आली की आमचाच तास गणिताला जायचा. आता कादंबरीही द्यायची?

कंसात: तासाचं दुःख खरं, पण तो राग आलेखावर कशाला? रशियन गणिती मार्कोव्हने १९१३ मध्ये कवी पुश्किनच्या पद्य-कादंबरीतली २०,००० अक्षरं मोजली, स्वरामागून व्यंजन किती वेळा येतं ते पाहिलं.

दौत: त्याला गणित करायचं होतं, कविता निमित्तमात्र. हे उदाहरण माझ्याच बाजूचं झालं.

कंसात: मग मोस्टेलर आणि वॉलेस हे संख्याशास्त्रज्ञ घ्या, १९६४. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने टोपणनावाने लिहिलेल्या फेडरलिस्ट निबंधांपैकी बारा हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा जुना वाद. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजारात साधारण तीनदा वापरतो, मॅडिसन क्वचित. वाचताना अशा शब्दावरून नजर घसरते. मोजल्यावरच लेखकाची लकब सापडते.

वेलांटी: इंग्रजीत जमतं हो. मराठीत शब्द म्हणजे काय, ते आधी ठरवा. ‘घरातल्यांसारखंच’ हा एक शब्द? ‘डोळा’, ‘डोळ्यात’, ‘डोळ्यांदेखत’ एक की तीन?

कंसात: शब्दयोगी अव्ययं तोडून मोजा.

वेलांटी: जोडून लिहा म्हणून आपणच मुलांच्या वहीत लाल शाईने गोल करतो, आणि मोजताना तोडायची?

कंसात: लिहिणं वेगळं, मोजणं वेगळं. एकच नियम सगळ्या प्रकरणांना लावला की तुलना होते.

वेलांटी: तुलना होते, पण कशाची? अव्ययं तोडलीत तर ‘डोळ्यांदेखत’चे दोन शब्द होतात, आणि विभक्तीचं ‘डोळ्यात’ एकच राहतं. कुठे तोडायचं, यावर वर्गात तासभर भांडण होईल.

कंसात: होऊ दे की! तेच व्याकरण.

वेलांटी: तुम्ही कधी वर्गात उभे राहिला आहात का?

कंसात: गणिताच्या, अकरा वर्षं. ‘हे कशाला शिकायचं’ हा प्रश्न रोज ऐकलाय.

शिक्षिका: ती पोस्ट माझी. झालं ते सांगते. सातव्या प्रकरणाचा मध्य आला चौदा, मध्यक आठ. मुलांना वाटलं बेरीज चुकली. पुन्हा मोजलं, तर वीसपैकी एक वाक्य सत्त्याण्णव शब्दांचं. आईच्या मृत्यूनंतरचं, स्वल्पविरामांवर ओढत नेलेलं. एक मुलगी, जी वर्षभर गप्प होती, ती म्हणाली, ‘बाई, याला पूर्णविराम द्यायचाच नाहीये. दिला की आई गेली.’ मग आम्ही ते वाक्य चारदा मोठ्याने वाचलं.

दौत: त्या मुलीपुढे माझं म्हणणं मागे घेतो, तेवढ्यापुरतं. पण हे वाक्य पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं असतंत, तर आलेख लागलाच नसता.

शिक्षिका: पहिल्याच दिवशी वाचलं होतं. कोणी मान वर केली नव्हती.