मदत हवी आहे : विषाणू गेला, तरी मेंदूचा त्रास का वाढतो आहे?

कृष्णाकाठ :
सांगलीहून लिहीत आहे. वडिलांना मेंदूज्वर झाला होता आणि २१ दिवस शिरेतून इंजेक्शने दिल्यावर, विषाणू आता उरलेला नाही असे सांगून त्यांना घरी सोडले. पहिले तीन आठवडे ते इतके सावरले, की हळदीच्या अडत दुकानाचा हिशेब स्वतः लिहू लागले. गेल्या सहा दिवसांत मात्र सगळे उलटले आहे. काल त्यांनी वहीत पोत्यांची एकच ओळ चार वेळा लिहिली आणि मी ती दाखवताच माझ्यावर चोरीचा आळ घेतला. दवाखान्यात ‘वेळ लागेल’ एवढेच उत्तर मिळते. मला धीर नको, कारण हवे आहे.

औदुंबर :
विषाणू कोणता, वय किती, एमआरआयमध्ये काय दिसले? यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

वाळवेकर :
आपल्याकडे डासांकडे आधी पाहावे. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरांत आणि बगळ्यांत वाढतो आणि क्युलेक्स डास तो माणसापर्यंत आणतात. घराभोवतीचे साचलेले पाणी काढा आणि मुलांना लस द्या.

औदुंबर :
जपानी मेंदूज्वरावर विषाणूनाशक औषधच नाही. २१ दिवस इंजेक्शने दिली, म्हणजे ते असायक्लोव्हिर, हर्पिस विषाणूवरचे औषध, असणार आणि आजार हर्पिसचा.

वाळवेकर :
असायक्लोव्हिर तर अहवाल येण्याआधी नुसत्या संशयावरही सुरू करतात, त्यामुळे औषधावरून आजार ठरत नाही.

औदुंबर :
सुरू करतात हे मान्य आहे, परंतु निदान पक्के नसेल तर २१ दिवस सहसा चालवत नाहीत.

कृष्णाकाठ :
हर्पिसच आहे. पाठीतून काढलेल्या पाण्याच्या पीसीआर तपासणीत, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीत, तो सापडला होता. २१ दिवस म्हटल्यावर ते कळेल असे मला वाटले. वय ५६. एमआरआयमध्ये डाव्या टेम्पोरल भागात, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागात, सूज होती.

निवृत्त परिचारिका :
मेंदूची इजा एकट्या विषाणूने होत नाही. तो पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेवर वाढतो आणि पेशी मारतो, हा झाला पहिला घाव. मग मेंदूतल्या राखणदार पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, जाग्या होऊन सायटोकाइन, म्हणजे दाह वाढवणारी रसायने, सोडतात. त्यांनी रक्त आणि मेंदू यांमधला अडसर सैल पडतो, पाणी झिरपते आणि कवटी ताणली जात नसल्याने आतला दाब वाढतो. तिसरा घाव उशिरा पडतो. फुटलेल्या पेशींमधली प्रथिने उघडी पडली, की शरीर त्यांनाच परके समजून प्रतिपिंडे तयार करू शकते. एनएमडीए ग्राहकांविरुद्धच्या, म्हणजे मेंदूच्या पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या, अशा प्रतिपिंडांचा आजार २००७ मध्ये ओळखला गेला. हर्पिसच्या मेंदूज्वरानंतर सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, प्रतिपिंडांमुळे होणारा असा दाह उद्भवतो. सुधारलेला माणूस पुन्हा बिघडला, तर त्याला सावकाश बरे होणे म्हणू नये. झोप कशी आहे? ताप, झटके?

हरिपूरची वाट :
माझ्या मामांना अर्धांगवायूनंतर गुळवेलीच्या काढ्याने फार गुण आला. प्रतिकारशक्ती वाढवा, बाकी आपोआप होईल.

निवृत्त परिचारिका :
आपला हेतू चांगला आहे, परंतु इथे प्रतिकारशक्ती कमी पडल्याची नव्हे, तर ती स्वतःच्याच मेंदूवर उलटल्याची शंका आहे. काढा आत्ता देऊ नये.

कृष्णाकाठ :
ताप नाही. चार रात्री त्यांचा डोळा लागलेला नाही. आज दुपारी अर्धा मिनिट त्यांचे तोंड उजवीकडे ओढले गेले होते. तो थकवा असेल असे समजून मी लिहिले नव्हते.

निवृत्त परिचारिका :
तो झटका असू शकतो. सकाळची वाट न पाहता आजच मेंदूविकारतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्या. विषाणू परतला आहे का यासाठी पीसीआर आणि एनएमडीए प्रतिपिंडांची तपासणी, दोन्हींविषयी स्पष्ट विचारा. उपचार वेगवेगळे आहेत : विषाणू असेल तर पुन्हा असायक्लोव्हिर, प्रतिपिंडे असतील तर स्टिरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन यांसारखी, प्रतिकारशक्तीचा हा हल्ला शमवणारी औषधे. ही प्रतिपिंडे पेशी मारण्यापेक्षा त्यांच्यावरचे ग्राहक कमी करतात आणि ते ग्राहक पुन्हा येऊ शकतात, म्हणून लवकर जाण्याला महत्त्व आहे. डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयची सीडी घ्या. हिशेबाची वहीही घ्या. अक्षर कोणत्या तारखेपासून बिघडले ते डॉक्टरांना त्यावरून दिसेल.

कृष्णाकाठ :
गाडी बोलावली आहे. वही पाहिली, गेल्या मंगळवारपर्यंतच्या बेरजा बरोबर आहेत.