नवा काँक्रीट रस्ता घराच्या जोत्याच्या वर आलाय, तातडीने मदत हवी आहे

उंबरठा
आमच्या गल्लीत काँक्रीट झालं आणि रस्ता वर आला. परवाच्या एका वळवाच्या सरीत पाणी थेट पडवीत. साहेबांना तीनदा सांगून झालं, "बघतो" म्हणतात. पावसाळा तोंडावर आहे. तक्रार कुठे करायची आणि रस्ता उकरून खाली घ्यायला लावता येतो का, एवढंच सांगा. राजकारण नको, लवकर सांगा.

भिंगरी
रस्ता कोणी केला? ग्रामपंचायत, नगरपंचायत की बांधकाम खातं? वर आला म्हणजे चार बोटं की गुडघाभर? गटार आहे का? काम संपलं का चालू आहे? साहेब म्हणजे कोणते साहेब?

कारभारी
ग्रामसभेत विषय मांडा. सह्यांचं निवेदन द्या, ठराव घ्या. आमच्याकडे असाच प्रश्न सुटला.

उंबरठा
नगरपंचायत आहे हो. लिहिलंय ना वर? साहेब म्हणजे मुख्याधिकारी.

भिंगरी
नाही लिहिलं. पुन्हा वाचून आले.

कडूलिंब
@कारभारी, नगरपंचायतीत ग्रामसभा कुठून आणायची? ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली त्याच दिवशी ग्रामसभाही गेली. आता प्रभागाचा नगरसेवक, मुख्याधिकारी आणि वर जिल्हाधिकारी. जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण तिथे अर्ज आधी द्यावा लागतो. आयत्या वेळी जाऊन काही होत नाही.

कारभारी
कायदा मलाही कळतो. चार माणसं जमवा एवढंच म्हणायचं होतं. एकट्याच्या अर्जाची पुरचुंडी होते.

निवृत्त ओव्हरसियर
उंबरठा, उकरून खाली घ्यायचं डोक्यातून काढा. डांबरी असता तर वरचा थर मशीनने खरवडता आला असता. काँक्रीटचा स्लॅब फोडावाच लागतो आणि एकदा केलेलं काम फोडायला कोणीही सही देत नाही.

असं का होतं, तर जुना डांबरी रस्ता न उकरता त्यावरच खडीमुरूम दाबतात, वर पीसीसी म्हणजे बिनसळीच्या साध्या काँक्रीटचा थर, त्यावर रस्त्याचं काँक्रीट. बघता बघता वीतभर चढतं. अंदाजपत्रकात बहुतेक वेळा खोदाई धरलेली असते. ती झाली का, हे मोजमाप पुस्तिकेत म्हणजे एमबीत कळेल.

आता मला दोन गोष्टी सांगा. ठेकेदाराचं शेवटचं बिल गेलं का? आणि रस्ता जोत्यापेक्षा नक्की किती वर आहे? अंदाजाने नको, मोजून सांगा.

गच्चीवरचा
एवढी कटकट कशाला? घर उचला. जॅक लावून अख्खं घर वर घेतात, आमच्या मेव्हण्यांनी दुमजली उचललं. आत सामान तसंच. पुढच्या वेळी रस्ता आणखी चढला तरी निवांत.

कडूलिंब
म्हणजे दर निवडणुकीला घर उचलायचं?

गच्चीवरचा
हसा. पाणी घरात शिरतं तेव्हा हसू येत नाही.

निवृत्त ओव्हरसियर
@गच्चीवरचा, जोत्याची भिंत दगडमातीची असेल तर जॅक कशावर टेकवणार? त्यांनी घर कसलं आहे तेही सांगितलेलं नाही.

काळी माती
मूळ चूक काँक्रीटची आहे. गल्लीबोळात पेव्हर ब्लॉकच हवेत. पाईप फुटला की ब्लॉक काढा, दुरुस्त करा, परत बसवा. शिवाय सांध्यांतून थोडं पाणी मुरतं. घरोघरी शोषखड्डे काढा, बोअरलाही पाणी लागेल.

निवृत्त ओव्हरसियर
ब्लॉकखालचा थर नीट दाबला नाही तर वर्षात रस्ता खालीवर होतो. मी बसवलेत, मी उखडलेलेही पाहिलेत. आणि काळ्या मातीत शोषखड्डा भर पावसात विहिरीसारखा भरून राहतो. नाव काळी माती घेतलंत, हे माहीत असायला हवं!

सईसाखर
अवांतर: रस्त्यांचं तरी काम होतं. आमच्याकडे बागेत व्यायामाची लोखंडी यंत्रं आणि गावाच्या नावाची दिव्यांची अक्षरं बसवली. एक अक्षर बंद पडल्यापासून गावाचं नाव रात्री वेगळंच वाचलं जातं.

भिंगरी
कुठलं गाव? (गंमत, सांगू नका.)

अर्जदार
माहिती अधिकाराशिवाय पर्याय नाही. अंदाजपत्रक, कार्यादेश, एमबीच्या प्रती मागा. २००५ च्या कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, हे फार जणांना माहीत नसतं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. रस्ता, गटार आणि दिवे एका अर्जात कोंबू नका.

कडूलिंब
उत्तराला ३० दिवस. तोवर पडवीत बेडूक.

अर्जदार
म्हणून काय अर्जच करायचा नाही? बिलाआधी कागद मागितला की लोक सावध होतात. अनुभव आहे.

निवृत्त ओव्हरसियर
इथे अर्जदारांशी सहमत. पण दोषदायित्व कालावधीवर, म्हणजे काम झाल्यावर ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायच्या मुदतीवर, फार भिस्त ठेवू नका. त्यात भेगा, उखडलेला पृष्ठभाग ठेकेदाराकडून दुरुस्त करून घेता येतो. रस्ता मंजूर लेव्हलला झाला असेल तर उंची हा त्याचा दोष ठरत नाही.

उंबरठा, लेव्हल मिळाली का? गवंड्याकडची पारदर्शक नळी आणा. पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर सगळं माप खोटं. एक टोक पडवीजवळ धरा, दुसरं रस्त्यावर. पाणी थांबलं की दोन्हीकडे पाण्यापासून खाली जमिनीपर्यंत टेपने मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे उंचीतला फरक. रस्त्याची कड आणि गटाराच्या भिंतीचा माथा, दोन्ही घ्या.

उंबरठा
बिल अजून गेलेलं नाही, नगरसेवकांना विचारलं. मोजलं. पोराला एका टोकाला उभं केलं, तो नळी हलवतच होता, तीनदा करावं लागलं. पाण्यापासून खाली: पडवी ५२ सेंमी, रस्त्याची कड ४२, गटाराच्या भिंतीचा माथा ३४. आता तरी सांगा तक्रार कुठे करू.

निवृत्त ओव्हरसियर
थांबा. रस्ता पडवीच्या १० सेंमी वर, हे खरं. पण गटाराची भिंत रस्त्याच्या कडेपेक्षाही ८ सेंमी वर आहे. म्हणजे रस्त्याचं पाणी गटारात पडणारच नाही, कडेकडेने वाहत राहील. गटार घर आणि रस्ता यांच्या मधेच आहे ना? मग ती भिंत ओलांडून पाणी तुमच्याकडे येतं कुठून?

उंबरठा
फाटकातून.

भिंगरी
फाटकासमोर गटारावर काय आहे?

उंबरठा
स्लॅब. गाडी आत घ्यायला. आमचा जुनाच आहे, आत उतार दिलाय. भिंत बांधताना तेवढी जागा त्यांनी सोडली. सगळ्यांनीच टाकलेत, मी एकट्याने नाही.

कडूलिंब
आणि हे आत्ता सांगताय!

निवृत्त ओव्हरसियर
रागावू नका, असंच असतं. भिंतीने अडलेलं अख्ख्या गल्लीचं पाणी जिथे वाट मिळेल तिथून आत शिरतं. ती वाट तुमचा उतार. अर्ज बदला. "रस्ता खाली घ्या" लिहिलंत तर फाईल पडून राहील. "गटाराच्या रस्त्याकडच्या भिंतीला, रस्त्याच्या कडेच्या पातळीवर, ठराविक अंतरावर पाणी जाण्यासाठी खिडक्या सोडाव्यात आणि त्याशिवाय अंतिम देयक अदा करू नये" असं लिहा. दोन दिवसांचं काम आहे, बिल अडकलंय तोवर ठेकेदारही करेल. नळीच्या मापांचा कागद जोडा, पोच घ्या. आणि फाटकासमोरचा स्लॅब काढून लोखंडी जाळी टाका. गाडी वरून जाते, पाणी गटारात पडतं, साफसफाईलाही उचलता येते.

गच्चीवरचा
जाळी चोरीला जाते.

निवृत्त ओव्हरसियर
बिजागरी लावून एका बाजूने पक्की करायची.

उंबरठा
अर्ज आज टाईप करतो. जाळीचं लोहाराला विचारलं, चार दिवसांत देतो म्हणाला. पण चढाच्या बाजूला शेजारच्यांच्या स्लॅबखाली गटार पूर्ण तुंबलंय, तो काढल्याशिवाय वरचं पाणी पुढे सरकणार नाही. ते आमचे चुलते. वाटणीपासून बोलणं बंद आहे. त्यासाठी कुठे अर्ज करतात?