प्रतिसाद: ती भीती निराधार नव्हती

रंगीत टीव्हीतून क्ष-किरण निघण्याची भीती ही निव्वळ अफवा होती, असे काही जण म्हणतात; ते मत मला मान्य नाही. १९६७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या मोठ्या पडद्याच्या काही संचांतून मर्यादेबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे उघड झाले. त्यांचा उगम पडद्यात नव्हे, तर उच्च विद्युत्‌दाबाचे नियमन करणाऱ्या निर्वात नळीत होता आणि झोत मुख्यतः संचाच्या तळातून खाली जात असे. समोर बसणाऱ्याला तो जाणवणार तरी कसा? या प्रकरणाच्या रेट्यामुळे ऑक्टोबर १९६८ मध्ये प्रारण-नियंत्रणाचा (रेडिएशन-नियंत्रणाचा) कायदा झाला आणि त्याखालील मानकाने संचाच्या पृष्ठभागापासून ५ सेंटिमीटरवर ताशी ०.५ मिलिराँटजेन (क्ष-किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) ही मर्यादा घातली. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या गळतीवरील मर्यादाही याच कायद्यातून आली.