मदत हवी आहे: जात्यावर दळणारी जनाबाई चित्रात कशी उतरवू?
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात राहते, संत जनाबाईंच्या अभंगांची चित्रकथा काढतेय. 'दळिता कांडिता तुज गाईन अनंता' इथे अडले आहे. जनीसमोर विठ्ठल दळायला बसलाय, कटेवरचे हात सुटून तिच्याच खुंट्यावर आलेत. पण ते हात खोटे वाटतात. समोरासमोर बसून दळताना मी कुणाला पाहिलेलंच नाही! वैरण, म्हणजे जात्यात टाकायचे मूठभर दाणे, कोण घालतं, पाय कसे ठेवतात? आमचं जातं अंगणात नुसतं पडून आहे, खुंटाही नाही. वाई, कोरेगाव, फलटणकडे कुणाच्या आजी अजून दळतात का? वही घेऊन येईन. आणि अभंगाचे शब्द फुग्यात घालू की जात्याभोवती गोल लिहू? मला गोलच आवडतंय, पण वाचता येईल ना?