ऑपरेशननंतर सीआरपी (शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन) एवढा कसा काय वाढतो?

प्रश्न: बाबांचा गुडघा बदलला, आज तिसरा दिवस, सीआरपी १६० आलाय. रिपोर्टवर ठळक अक्षरात 'हाय' बघून पोटात गोळाच आला. ताप नाही, जखम कोरडी आहे, तरी इन्फेक्शन असेल का?

प्रतिसाद १: आधी शांत व्हा. हाड-स्नायू कापले गेले की तिथून इंटरल्यूकिन-६ हा पेशींमधला निरोप्या रेणू सुटतो, तो लिव्हरला सांगतो आणि लिव्हर भराभर सीआरपी बनवतं, त्यामुळे जंतू नसले तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिखरावर असतोच, गुडघ्याच्या ऑपरेशनात तर दीडशेच्या आसपास जाणं नेहमीचंच. सीआरपीचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) साधारण १९ तास, म्हणून एका आकड्यापेक्षा उतार बघायचा. उतरून परत चढला तर मात्र लगेच सर्जनना दाखवा.

प्रतिसाद २: पेट स्कॅनचंही (पेशी ग्लुकोज कुठे जास्त खातात ते दाखवणारी तपासणी) तसंच हो, भरत्या जखमेतल्या पेशी ग्लुकोज खातात म्हणून ताजी ऑपरेशनची जागा उजळ दिसते, नुसत्या चित्रावरून ठरवता येत नाही.

प्रश्नकर्ता: खूप आभार, जीव भांड्यात पडला. परवा परत टेस्ट आहे, आकडा इथे टाकते.