एकाच वेळी दोन-तीन संस्थांत पदाधिकारी असलेले नाशिककर: अनुभव लिहा

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह यंदा एका गिरिभ्रमण मंडळाचे खजिनदारही झाले आणि त्यावरून बैठकीत चांगलीच जुंपली. एक गट म्हणे, काम करणारा माणूस कुठेही कामच करणार. दुसरा म्हणे, मग दोन्हीकडे अर्धवट करणार. १८४० सालचं वाचनालय मिरवणारं आपलं गाव. समित्या, मंडळं, प्रतिष्ठानं यांची हौस काही आजची नाही. तर ज्यांच्याकडे एकाच वेळी दोन ठिकाणची पदं आहेत किंवा होती, त्यांनी प्रत्यक्षात काय होतं ते लिहा. ‘समाजसेवेचं समाधान’ हा परिच्छेद वगळून.

अंबडची वक्ती
मी टोस्टमास्टर्समध्ये, म्हणजे भाषणकलेचा सराव करणाऱ्यांच्या संस्थेत, दोन क्लबांत आहे: एक कंपनीतला, एक कॉलेज रोडचा. आमच्यात दोन क्लबांचं सदस्यत्व चालतं, पण वर्गणी दोन्हीकडे वेगळी भरावी लागते, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. कार्यकारिणीत सात पदं असतात. कंपनीच्या क्लबात मी शिक्षण उपाध्यक्ष, म्हणजे कोण कधी बोलणार, कोण मूल्यमापन करणार याची घडी बसवणारी. दुसरीकडे सार्जंट अ‍ॅट आर्म्स, म्हणजे आधी जाऊन खुर्च्या, बॅनर, माईक. लोक म्हणतात, केवढं काम! पण ही जोडी जमते, कारण एक काम घरी बसून रात्री होतं, दुसरं जागेवर उभं राहून. मधे एकदा दोन्हीकडे शिक्षण उपाध्यक्ष होते, तेव्हा मात्र जीव मेटाकुटीला आला. शुक्रवारी एका क्लबात वक्ता गळला की शनिवारच्या क्लबातला उचलून आणायचा मोह व्हायचा, मग शनिवारी भोक. एकाच तऱ्हेचं पद दोनदा घेऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे. ‘सवय असते, सोपं जातं’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

पंचवटीकर
पद एक असो नाहीतर तीन, सतरंज्या मीच उचलतो.

सिडकोची खजिनदार
अंबडच्या ताई, पैशाच्या पदांना तर तुमचं म्हणणं दुप्पट लागू. माझ्याकडे सायकल ग्रुप आणि महिला मंडळ, दोन्हींचा हिशेब आहे. सभासद बरेचसे तेच. त्यामुळे पंढरपूर सायकलवारीचे पैसे मंडळाच्या क्यूआरवर येऊन पडतात आणि हळदीकुंकवाची वर्गणी सायकलच्या खात्यात. लगेच कुणीतरी म्हणतं, ‘अहो, दोन्ही तुमच्याकडेच आहे ना, घ्या वळतं करून.’ अजिबात करायचं नाही! आलेले पैसे ज्याचे त्याला परत, आणि त्याने योग्य खात्यात पुन्हा भरायचे. कटकट वाटते, दोन-चार जण तोंडावर नाक मुरडतात. पण ऑडिटर दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघत नाही, तो एकेक संस्था बघतो. त्या वहीत ‘वळतं केलं’ याला काही अर्थ नसतो.

गंगापूर रोड, निवृत्त
रोटरीत एका माणसाला एकाच वेळी दोन क्लबांचा सक्रिय सभासद होता येत नाही, त्यामुळे मी त्या अर्थाने सुरक्षित. पण घरात मी रोटरीचा सचिव, सौ. इनर व्हीलमध्ये (रोटरीशी जोडलेली महिलांची संस्था), मुलगी रोटरॅक्टमध्ये (रोटरीची तरुणांची शाखा). तिघांचंही वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणजे जुलैत एकामागून एक पदग्रहण सोहळे. शाली, नारळ, गुलाबांनी घर भरून जातं आणि स्वयंपाक कुणीच करत नाही. शिवाय सातपूरच्या एका उद्योजकाकडे स्मरणिकेची जाहिरात मागायला आम्ही तिघं वेगवेगळे जाऊन आलो होतो. बिचाऱ्याने तिघांनाही चहा पाजला, जाहिरात एकालाच दिली. कुणाला ते विचारू नका.

नाशिकरोडकर
मी नोंदणीकृत न्यासांची कागदपत्रं सांभाळतो, म्हणून कोरडं लिहितो. नव्या कार्यकारिणीने हार घातले म्हणजे बदल झाला असं नाही. सार्वजनिक न्यास असेल तर १९५०च्या कायद्यानुसार ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे झालेल्या बदलाची लेखी माहिती, धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. बँकेतल्या सह्या बदलायच्या, त्यासाठी ठराव, केवायसी. माणूस दोन संस्थांत असेल तर हे सगळं दोनदा.

आणि वर्षाचं गणित बघा. न्यासाचे हिशेब बहुधा ३१ मार्चला मिटतात, मग ऑडिट. रोटरी, टोस्टमास्टर्सची खांदेपालट जून-जुलैत. त्यात गणपती. हाउसिंग सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत. म्हणजे तीन ठिकाणची पदं घेणाऱ्या माणसाचे एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने गेले म्हणून समजा. पद घेताना लोक ‘आठवड्याला किती वेळ’ विचारतात; विचारायचं ते ‘कोणत्या महिन्यात’.

ढोलवाली, इंदिरानगर
सगळ्या काका-काकूंची माफी मागून एक बोलू? २०१५च्या सिंहस्थात आम्ही कॉलेजातली पोरं. स्वयंसेवकांच्या याद्या बनत होत्या. आमचं ढोलपथक, आमचं ट्रेकिंग मंडळ, कॉलनीतली संस्था, तिन्ही याद्यांत तीच नावं. कागदावर माणसं भरपूर, रामकुंडाकडे निघायच्या वेळी मोजकीच. पदांचंही तसंच आहे. एक जण तीन खुर्च्यांवर, आणि बैठकीत ओरड, ‘तरुण पुढे येत नाहीत’. मी पथकात दोन वर्षं सहचिटणीसपद मागितलं. उत्तर आलं, ‘तुला अनुभव नाही.’ अनुभव मिळणार कुठे, गोदाघाटावर?

गंगापूर रोड, निवृत्त
बाळ, राग रास्त आहे. पण दुसरी बाजूही ऐक. आमच्याकडे दरवर्षी सचिवपदासाठी नावं मागवली की सगळे एकदम चपला शोधायला लागतात.

धागाकर्ता
आमच्या वादाचं मूळ सांगायचं राहिलं. गिरिभ्रमण मंडळ त्यांच्या मासिक सभेसाठी आमच्या संघाचा हॉल भाड्याने घेतं. म्हणजे भाडं ठरवताना कार्यवाह आमच्या बाजूला, भाडं देताना तेच खजिनदार त्यांच्या बाजूला. पावतीवर आणि चेकवर एकच सही! माणूस सोन्यासारखा, पण हे बघवेना. शेवटी असं ठरलं की भाड्याचा विषय आला की ते बैठकीतून उठतील आणि तसं इतिवृत्तात लिहायचं, आणि आमची पावती सहकार्यवाह फाडतील. अडचण एवढीच की आमच्याकडे सहकार्यवाह नाही.

ढोलवाली, इंदिरानगर
काका, वयाची अट शिथिल करत असाल तर मी आहे.

पंचवटीकर
घ्या तिला. सतरंज्यांचं मी बघतो.