किल्टखालचं लायनर: शिवायचं, विकत घ्यायचं, की नकोच?

उरेबपट्टी
लायनर म्हणजे किल्टच्या (स्कॉटिश पुरुषांच्या चुण्यांच्या लोकरी घागऱ्याच्या) आत घालायचं, वेगळं काढून धुता येणारं अस्तर. आपल्या भाषेत पुरुषांचा परकर. हसून घ्या आणि पुढे वाचा, कारण एडिनबरा-ग्लासगोकडच्या लग्नांत किल्ट घालणारे मराठी लोक आता कमी नाहीत आणि लोकर टोचते ही तक्रार सगळ्यांचीच असते.

माझं मत: लायनर शिवून घ्यावं. तयार मिळणाऱ्या लायनरला (स्लिपला) कमरेला इलॅस्टिक असतं. त्यावर किल्टचे पट्टे आवळले की तासाभरात कातडीवर वळ उठतात.

माप धरू: कंबर ३४, सीट (कुल्ल्यांचं माप) ४०, किल्टची लांबी २४ इंच. चार कळ्या कापायच्या. कळीची तयार रुंदी कमरेला पावणेनऊ, घेराला १५ इंच, कडा सरळ रेषेत. म्हणजे कंबर ३५, सीटपाशी साधारण ४५ आणि घेर ६०. प्रत्येक शिवणीला अर्धा इंच माया. तयार लांबी २०, कापताना २२. एक कळी उभी, एक उलटी अशा मांडल्या तर ३६ इंच पन्ह्याच्या सव्वा मीटर कापडात चारही बसतात.

कापड सुती केंब्रिक किंवा घट्ट विणीचं पॉपलिन. आधी गरम पाण्यात धुवून खळ काढा, नाहीतर शिवल्यावर इंचभर आटतं. मलमल नको. टोचतात ती लोकरीच्या जाड तंतूंची टोकं, साधारण ३० मायक्रॉनच्या वरची. विरळ मलमलीतून ती आरपार येतात.

नेफा-नाडी अजिबात नको. नाडीची गाठ पट्ट्याखाली खड्यासारखी रुतते. कमरेला इंचभर रुंदीची सुती फीत सपाट लावा. उघडं तोंड पुढच्या मधल्या शिवणीत सात इंच आणि वर ब्लाउजचे दोन हूक. बाजूला तोंड ठेवलंत तर ते बक्कलखाली येतं: किल्टला डावीकडे एक बक्कल असतं, उजवीकडे बहुधा दोन. पुढे किल्टचे दोन सपाट पदर एकावर एक येतात, त्यांच्याखाली हूक दिसतही नाहीत, टोचतही नाहीत.

मांडी_घासली
शिवण झकास, पण दुखणं वेगळं आणि औषध वेगळं. किल्ट घालून दहा मैल चालणाऱ्याला त्रास कुठे होतो? मांड्यांच्या आतल्या बाजूला, कातडीवर कातडी घासून. तुमचा परकर दोन मांड्यांच्या मध्ये येतच नाही! तिथे पाय वेगळे करणारीच वस्तू हवी: गडद रंगाची, घट्ट बसणारी लांब शॉर्ट्स, आतली शिवण सहा ते आठ इंच आणि ती चपटी असलेली. मोडाल (लाकडाच्या लगद्यापासूनचं मऊ कापड) किंवा पातळ मेरिनो (बारीक तंतूंची, न टोचणारी लोकर) घ्या. सुती बॉक्सर घाम पितो, ओला राहतो, गोळा होऊन वर चढतो आणि मग तोच घासतो. पायाला सिलिकॉनची पट्टी असलेली टाळा, घामात ती पुरळ आणते.

हायलँड गेम्समध्ये (स्कॉटलंडच्या पारंपरिक मैदानी स्पर्धांत) हातोडा फेकणारे किल्टखाली शॉर्ट्सच घालतात, कारण गिरकी घेताना किल्ट उडतो. तिथे परकर तर पायातच अडकेल. ही वस्तू दुकानात तयार मिळते. सव्वा मीटर कापड आणि एक रविवार वाचवा.

उरेबपट्टी
मांड्यांचं मान्य. पण शॉर्ट्स आठ इंचांवर संपते. त्याखाली मांडीच्या मागच्या भागाला चुण्यांची लोकर घासतच राहते, विशेषतः खुर्चीवर बसल्यावर. दोन दुखणी आहेत म्हणता, मग औषध एकच कसं पुरेल?

चुणी_मोजा
दोघांनाही एक आठवण. चांगल्या किल्टला आतून अस्तर आधीच असतं. चुण्या कमरेपासून सीटपर्यंत शिवून बसवलेल्या असतात, त्या भागामागे ताठपणासाठी कॅनव्हास आणि त्यावर सुती अस्तर. म्हणजे कमरेला आणि कुल्ल्यांच्या वरच्या भागाला लोकर लागत नाही. लागते ती त्याखाली, जिथे चुण्या मोकळ्या सुटतात.

यावर कोणीतरी हमखास विचारतं, मग तेच अस्तर खालपर्यंत का वाढवू नये? नका वाढवू. ‘आठ वारी’ किल्ट म्हणजे दुहेरी पन्ह्याचं चार वार कापड मधोमध चिरून जोडलेलं. वाराला १६ औंसाचं असेल तर नुसतं कापडच ६४ औंस, म्हणजे १.८ किलोच्या आसपास. ते वजन चुण्यांना सरळ पाडतं. आत शिवलेलं अस्तर चुण्यांना मागून धरून ठेवतं, चालताना झोक जातो आणि मागचा भाग फुगतो. शिवाय पारंपरिक किल्टची खालची कड दुमडलेली नसते, ती कापडाची मूळ किनार असते. तिथे टाका घातलात की उन्हात लांबूनसुद्धा दिसतो.

वेगळं लायनर हवंच असेल तर त्याला स्वतंत्र कंबर कशाला? किल्टच्या आतल्या सुती अस्तरावर, कमरेच्या कडेलगत चार-पाच टिचबटणं लावा. टाका फक्त अस्तरात घ्यायचा, टार्टनमध्ये (किल्टच्या चौकटीच्या लोकरी कापडात) सुई जाता कामा नये. जोडीची बटणं लायनरवर. कमरेवर एक थर कमी होतो आणि लायनर फिरत नाही.

उरेबपट्टी
टिचबटणांवर माझा विश्वास नाही. खुर्चीतून उठताना लायनर मांडीखाली दाबलेलं राहिलं की सगळा ताण दोन बटणांवर येतो. मग एकतर बटण सुटतं किंवा अस्तर फाटतं. भाड्याच्या किल्टला तर असं काही लावण्याचा प्रश्नच नाही.

चुणी_मोजा
म्हणून बटणाखाली अर्ध्या इंचाचा जाड फितीचा तुकडा आधी शिवायचा. ताण फितीवर जातो. भाड्याच्या किल्टबद्दल मात्र तुमचं बरोबर.

खरा_हायलँडर
एवढी शिंपीगिरी कशाला? किल्टखाली काही घालायचं नसतं, संपलं. सैनिकी परंपरा आहे ती.

मांडी_घासली
परंपरेचीच गोष्ट काढलीत तर पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये किल्टच्या चुण्या म्हणजे उवांचं माहेरघर झालं होतं, आणि चिखलाने जड झालेली, गोठलेली कड गुडघ्यामागे कातडी कापत असे, हेही सांगा. २०१० साली स्कॉटिश टार्टन्स अथॉरिटीच्या तेव्हाच्या संचालकांनीच आत काही न घालणं पोरकट आणि अस्वच्छ असल्याचं म्हटलं होतं. भाड्याचा किल्ट काल कोण घालून बसलं होतं, एवढाच विचार करा.

खरा_हायलँडर
भाड्याचा असेल तर घाला. स्वतःच्या किल्टबद्दल मत बदललेलं नाही.

खळ_आणि_नीळ
स्वतःच्या किल्टलाच लायनर जास्त हवं. तो दर वेळी धुता येत नाही. प्रत्येक धुलाईआधी सगळ्या चुण्या कच्च्या टाक्यांनी बांधा, नंतर ओल्या फडक्यावरून इस्त्री करून पुन्हा बसवा. घाम लायनरमध्ये राहिला तर हा उद्योग वर्षावर जातो.

पण वर सगळे सुतीवर अडकलेत, तिथे माझा आक्षेप. सुती कापड लोकरीला चिकटून चढतं, पायऱ्या चढताना दोन पायांमध्ये गोळा होतं. सॅटीन घसरतं खरं, पण ते बहुधा पॉलिस्टरचं असतं, आणि पॉलिस्टर आणि लोकर एकमेकांवर घासले की लोकरीवर धन आणि पॉलिस्टरवर ऋण भार साठतो. स्कॉटलंडच्या थंडीत, हीटर लावलेल्या कोरड्या हॉलमध्ये लायनर पायाला चिकटतं आणि किल्ट त्यावर. मधला मार्ग क्युप्रो: कोटाच्या अस्तराला वापरतात तो. घसरतो, घाम शोषतो, भार फारसा धरत नाही. त्याचे तोटे दोन. कापलेली कड लगेच उसवते, म्हणून माया अर्ध्याऐवजी पाऊण इंच ठेवून फ्रेंच सीम (कापलेली कड आत बंद करणारी दुहेरी शिवण) घाला. आणि ओला असताना तो कमजोर असतो, तेव्हा पिळू नका. सुई ९ किंवा १० नंबरची, बारीक. जाड सुईने धागे ओढले जातात.

उरेबपट्टी
क्युप्रोचा मुद्दा पटला, घसरण्यापुरता. उन्हाळ्यात पाइप बँडच्या (बॅगपाइप वाजवणाऱ्या पथकाच्या) परेडला मी तरी केंब्रिकच म्हणेन. घेर ६० ठेवला तर चढण्याचं प्रमाण कमी होतं. सरळ ४५ इंची नळी शिवलीत तर नक्की चढेल.

नवशिका_पायपर
पुण्याला जाणार आहे, तिथल्या शिंप्याला काय सांगू? किल्ट सोबत नसेल. आणि दोन्ही त्रास आहेत, मांडीचाही आणि टोचण्याचाही.

चुणी_मोजा
‘चार कळ्यांचा परकर, नेफा नको, कमरेला सपाट फीत, तोंड पुढे’ एवढं सांगा. ओव्हरलॉकची शिवण बाहेरच्या बाजूला घ्यायला लावा, आत आली तर तीच टोचेल. लांबी किल्टपेक्षा चार इंच कमी, आणि खालची दुमड फक्त कच्च्या टाक्यांवर ठेवा. परत गेल्यावर किल्ट घालून खुर्चीत बसा. गुडघ्यापाशी लायनर डोकावलं तर अजून एक इंच वर घ्या आणि मग पक्की शिवण मारा.

मांडी_घासली
आणि त्याखाली शॉर्ट्स. ती शिंप्याकडून शिवू नका, विकतच घ्या. ताणणाऱ्या कापडाची चपटी शिवण घरगुती मशीनवर येत नाही.